वाळूखालच्या सिंगापूरची बँक

मिशिगन सरोवराच्या काठावर सॉगाटक नावाचं छोटंसं गाव आहे. उन्हाळ्यात डेट्रॉइटकडची आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं तीन तास गाडी चालवून तिथे जातो. मुलं वाळूच्या टेकड्यांवरून घसरतात आणि मोठी माणसं थर्मासातला चहा पीत बसतात. सहा वर्षांपूर्वी तिथल्याच एका फलकावर मी वाचलं, की कलामाझू नदीच्या मुखाजवळच्या या वाळूखाली सिंगापूर नावाचं गाव गाडलेलं आहे. मिशिगनमध्ये सिंगापूर! १८३६मध्ये ओशिया वाइल्डर नावाच्या माणसाने ते वसवलं. लाकडाच्या गिरण्या आल्या, गोदी आली. १८७१च्या आगीत शिकागो आणि जवळचं हॉलंड जळाल्यावर घरं पुन्हा उभारायला लागणारं लाकूड इथून गेलं. त्यासाठी आजूबाजूचं जंगल इतकं तोडलं, की वाळू धरून ठेवायला झाडंच उरली नाहीत. १८७५च्या सुमारास लोक निघून गेले आणि टेकड्या हळूहळू घरांवर चढल्या.

मी अडकले ती मात्र दुसऱ्याच गोष्टीत. या गावाची स्वतःची बँक होती आणि त्या बँकेच्या स्वतःच्या नोटा होत्या.

खामगावात वाढलेल्या मला नोट म्हणजे रिझर्व्ह बँकेची, गांधीजींच्या चित्राची, एवढंच ठाऊक. नोट गावातल्या बँकेने काढायची असते ही कल्पनाच मनात बसेना. घरी येऊन रात्रभर वाचलं. तेव्हापासून हा नाद लागला आहे. आज माझ्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या एकतीस नोटा आणि चिठ्ठ्या आहेत. सिंगापूरच्या बँकेची अजून नाही. ती मी प्रत्यक्ष हातातही घेतलेली नाही.

अमेरिकेत तेव्हा एकच अशी सरकारी नोट नव्हती. नाणी सरकारची, पण कागद ज्याचा त्याचा. राज्याने परवाना दिलेली कुठलीही बँक स्वतःच्या नोटा छापायची. ‘ही नोट आणणाऱ्यास मागताक्षणी पाच डॉलर देऊ’ असं वचन त्यावर असायचं आणि खाली अध्यक्षाची व कॅशियरची शाईची सही. केंद्र सरकारच्या सनदेवर चालणाऱ्या ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’मुळे या सगळ्यांना थोडा तरी लगाम होता. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२मध्ये तिच्या मुदतवाढीचं विधेयक नाकारलं, १८३६मध्ये तिची सनद संपली आणि लगाम सुटला.

मिशिगन १८३७च्या जानेवारीत राज्य झालं आणि मार्चमध्ये त्याने कायदा केला, की बारा जमीनमालकांनी एकत्र यावं आणि बँक काढावी. अट एवढीच, की भांडवलाच्या तीस टक्के रक्कम सोन्या-चांदीच्या नाण्यांत जमा हवी. त्याच वर्षी देशभर मंदीचा तडाखा बसला आणि बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणं देणं थांबवलं. तरी मिशिगनमध्ये बँका निघतच राहिल्या, काही तर अशा रानात की तिथे जायला धड वाटही नव्हती. जिथे फक्त रानमांजरं राहतात तिथली बँक म्हणून त्यांना ‘वाइल्डकॅट’ नाव पडलं, असं सांगतात. त्यामागे हिशोब होता. नोट वटवायची तर बँकेच्या दारातच जायला हवं. दार जितकं आडरानात, तितके वटवायला येणारे कमी.

तपासणीसाठी राज्याने कमिशनर नेमले. त्यांतले अल्फियस फेल्च पुढे मिशिगनचे गव्हर्नर झाले. त्यांनी या तपासण्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. एका बँकेत नाण्यांच्या पेट्या दाखवल्या. वर चांदीची नाणी होती. हात खाली घातला तर लोखंडी खिळे लागले. काही ठिकाणी तर कमिशनर पोचायच्या आत तीच नाणी एका बँकेतून दुसरीत पोचलेली असायची. दोनेक वर्षांत या बँका जवळजवळ सगळ्या बुडाल्या. ज्या शेतकऱ्याने गहू विकून त्या नोटा घेतल्या होत्या, त्याच्या हाती चित्रं उरली. सुंदर चित्रांची नोट हातात घेताना मला दर वेळी आधी तो शेतकरी आठवतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे कितीतरी रुपये एकाच वेळी बाजारात होते आणि एका टांकसाळीचा रुपया दुसरीकडे चालवायचा तर सराफ बट्टा कापून घ्यायचा. अमेरिकेत हेच कागदाच्या बाबतीत झालं. ओहायोची नोट न्यूयॉर्कच्या दुकानात द्या, दुकानदार तिची डॉलरला किती सेंट किंमत धरायची ते ठरवणार. अंतर वाढलं की बट्टा वाढला. आणि सराफाच्या जागी आलं छापील पत्रक. जॉन थॉम्प्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये १८४२मध्ये ‘बँक नोट रिपोर्टर’ सुरू केलं. कोणती बँक चांगली, कोणती बुडाली, कोणत्या नोटेवर किती बट्टा, कोणती नोट खोटी आणि ती ओळखायची कशी, हे सगळं त्यात. गल्ल्याशेजारी ते पत्रक ठेवल्याशिवाय धंदा करणं अवघड होतं. याच थॉम्प्सननी पुढे १८७७मध्ये चेस नॅशनल बँक काढली, जिचं नाव आज आमच्या इथल्या चौकाचौकांत दिसतं.

आता या नोटा दिसतात कशा, ते सांगते. बहुतेक एकाच बाजूने छापलेल्या, मागची बाजू कोरी. कागद पातळ, पण चिवट. पोलादी पाटीवर हाताने कोरलेलं चित्र छापलेलं असल्याने नव्या नोटेवर बोट फिरवलं की शाईचा उठाव लागतो. रेल्वेचं इंजिन, देवमाशाची शिकार, धान्याची पेंढी घेतलेली बाई, लोहार, गाई हाकणारा मुलगा. सेंट निकोलस नावाच्या बँकेच्या नोटेवर तर घसरगाडीतला सांताक्लॉजसुद्धा आहे. तीन डॉलरची नोट तेव्हा अगदी सर्रास चालायची. मूळ चित्र कोरून ठेवलं की ते दुसऱ्या पाटीवर उतरवता येत असे. म्हणून मेन राज्यातल्या बँकेच्या नोटेवर दिसणारी बाई जॉर्जियाच्या बँकेवरही भेटते. १८५८मध्ये सात खोदकाम कंपन्या एकत्र होऊन अमेरिकन बँक नोट कंपनी झाली. हडसन नदीच्या निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध झालेले अ‍ॅशर ड्यूरँड आधी नोटांची चित्रं कोरत होते, हे कळल्यावर मी भिंगाखाली नोटेतली झाडं वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले.

चार नोटा एका तावावर छापायच्या, कात्रीने कापायच्या, मग क्रमांक, तारीख आणि सह्या हाताने घालायच्या. बँक बुडाली की उरलेले ताव सही न होताच पडून राहत. त्यांना ‘रिमेंडर’ म्हणतात. न्यू ऑर्लिन्सच्या कनाल बँकेचे असे कोरे करकरीत ताव आजही मिळतात. नवशिके तेच आधी घेतात, मीही घेतला. पण माझं मन त्यात रमलं नाही. मला घडी पडलेली, कोपरे झिजलेली, कुणाच्या तरी खिशातून गेलेली नोट हवी असते. संग्राहक म्हणतील की दर्जा बघावा, सत्तरपैकी किती गुण मिळाले ते बघावं. बाजारभाव त्यावरच ठरतो, हे खरं आहे. पण न चाललेल्या नोटेने कुणाची भाकरी विकत आणलेली नाही, आणि माझ्यासाठी त्याला मोल आहे.

या आवडीपायीच मी एकदा फसले. एका प्रदर्शनात मिशिगनच्या बुडीत बँकेची सही केलेली, मऊ पडलेली नोट घेतली. सहीची म्हणून भाव जवळजवळ तिप्पट दिला. त्या रात्री बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “अवं पोरी, बुडाल्या बँकेची नोट कायले घेतली तू?” आठवडाभराने एका जुन्या जाणत्या संग्राहकांनी ती भिंगाखाली धरली आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. सहीची रेघ घडीवर आली, तिथे शाई घडीच्या भेगेत दोन्ही बाजूंना पसरली होती. सही आधी आणि घडी नंतर असती, तर तसं झालं नसतं. म्हणजे कोऱ्या रिमेंडरवर कुणीतरी फार नंतर सह्या केल्या होत्या. शिवाय त्या काळची शाई लोहाची असायची. ती काळानुरूप तपकिरी होते, कागदाला खाते. ही शाई वरवर बसलेली होती. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. ती नोट मी वेगळ्या पाकिटात ठेवली आहे. नवं काही घेण्याआधी ती काढून एकदा बघते.

खोटेपणाचे त्या काळातलेच प्रकार तर आणखी आहेत. एक डॉलरचा आकडा खरवडून दहाचा करायचा. बुडालेल्या बँकेचं नाव पुसून त्या जागी एखाद्या चालू बँकेचं नाव घालायचं. अशा नोटाही आता जमवल्या जातात आणि मला त्या खऱ्याइतक्याच जवळच्या वाटतात, कारण त्यांनाही कुणीतरी फसलं होतं.

खासगी चिठ्ठ्यांचा माझा संग्रह लहान आहे, पण मनाच्या फार जवळचा. यादवी युद्ध सुरू झाल्यावर लोकांनी नाणी दडवली आणि १८६२च्या उन्हाळ्यात बाजारातून मोडच नाहीशी झाली. पाव विकत घेतला तर सुटे कुठून द्यायचे? लोक टपालाची तिकिटं देऊ लागले, ती घामाने हातालाच चिकटत. मग दुकानदार, खाणावळी, नगरपालिका सगळे पाच-दहा-पंचवीस सेंटच्या चिठ्ठ्या छापू लागले. सरकारने १७ जुलै १८६२ला कायदा करून डॉलरच्या आतल्या खासगी चिठ्ठ्यांवर बंदी घातली आणि स्वतःच सेंटांच्या नोटा काढल्या. माझ्याकडे मिशिगनमधल्या एका दुकानदाराची दहा सेंटची चिठ्ठी आहे, अंगठ्याएवढी उंच, मधोमध टाचणीचं भोक. ती टाचणी कुणी कशाला टोचली असेल, यावर मी किती वेळ घालवला आहे, सांगता येत नाही. उत्तरेकडच्या किविनॉमधल्या तांब्याच्या खाणी तर मजुरांचा पगारही नोटेसारख्या दिसणाऱ्या ड्राफ्टमध्ये देत.

खासगी बँकांच्या नोटांचा शेवट कराने झाला. १८६३-६४मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा आला, १८६५मध्ये राज्य बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसला आणि त्या छापणं परवडेनासं झालं. आपल्याकडे हे थोडं आधीच झालं होतं. मुंबईची बँक ऑफ बॉम्बे स्वतःच्या नोटा काढायची. १८६१च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने घेतला.

मला बरेच जण विचारतात, ‘ताई, आमच्या आजोबांच्या पेटीत जुनी नोट सापडली, लाखो मिळतील का?’ ७८६ क्रमांकाच्या नोटेच्या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यातून हा प्रश्न येतो. जुनी म्हणजे दुर्मीळ नव्हे. जगात अशा किती उरल्या आणि किती जणांना ती हवी आहे, यावर भाव ठरतो. पण एक करा: ती धुऊ नका, तिला इस्त्री करू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. साधं मायलारचं, म्हणजे एका पारदर्शक प्लॅस्टिकचं, पाकीट पुरे.

आता ज्या नोटेसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती. दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांनी, म्हणजे कॉन्फेडरसीने, १८६२मध्ये काढलेली शंभर डॉलरची नोट. डावीकडे गुलामगिरीचे समर्थक सेनेटर कॅलहून, मधोमध कापसाच्या शेतात कुदळीने तण काढणारे गुलाम. युद्धानंतर शांततेचा तह झाला की सहा महिन्यांनी पैसे देऊ, असं तिच्यावर वचन आहे. तोवर रोज दोन सेंट व्याज. आमच्या घरी कापूस म्हणजे सगळं. पणजोबा खामगावच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, होते. याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी अफाट श्रीमंत झाले. १८६५मध्ये युद्ध संपलं आणि तो सगळा फुगा फुटला. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यात गेली, १८६८मध्ये गुंडाळली. तरी कापूस खामगावात राहिला आणि त्याच्यासाठी १८७०मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला. त्याच फाट्यावरच्या गाडीने मी कॉलेजला जायचे.

नोटेच्या पाठीवर शिक्का आहे: १ जानेवारी १८६३पर्यंतचं व्याज दिलं. त्याच दिवशी लिंकन यांनी बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचं जाहीर केलं होतं.

मी दोन्ही बाजूंचा फोटो बाबांना पाठवला आणि फोनवर सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चित्र मोठं करून बघितलं असावं, कारण बराच वेळ आवाज आला नाही.

“नोटेले रोज दोन सेंट,” ते म्हणाले. “अन् ह्या मानसायले रोजी किती भेटे?”

“काहीच नाही, बाबा.”

थोडं थांबून ते म्हणाले, “जपून ठेवजो मंग ते.”