तोच फॉर्म, परत एकदा

गॅप इयर, म्हणजे बारावीनंतर कॉलेजविना एक वर्ष, घेतलंय म्हटलं की पहिला प्रश्न "मग वर्षभर घरीच का?" आणि दुसरा "पण ॲडमिशन झालीये ना?" नाही झाली. ॲडमिशन घेऊन वर्ष पुढे ढकलतात त्याला डिफर करणं म्हणतात, बराक ओबामांच्या मुलीने, मलियाने, २०१६ मध्ये केलं ते, हार्वर्डची सीट पक्की करून. हार्वर्ड तर निवडलेल्या मुलांना स्वतःहून सुचवतं की हवं तर वर्षभर थांबा. माझ्याकडे थांबवून ठेवायला सीटच नव्हती. बारा अमेरिकन कॉलेजेस, नऊ नकार, दोन वेटलिस्ट ज्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत, आणि एका ठिकाणी घेतलं पण एड, म्हणजे खर्चासाठी कॉलेजची मदत, इतकी तुटपुंजी की बाबांनी मेल वाचला आणि काही न बोलता फोन पालथा ठेवला.

मावशीचं म्हणणं, इथल्याच एखाद्या कॉलेजात नाव तरी घालून ठेव, वर्ष वाया नको जायला. ऐकायला शहाणपणाचं आहे, पण फुलटाइम डिग्रीला नाव घातलं की बऱ्याच ठिकाणी तुम्ही फ्रेशमन, म्हणजे पहिल्यांदाच कॉलेजात येणारे, राहत नाही, कॉलेज बदलणाऱ्या ट्रान्सफरवाल्यांच्या रांगेत जाता आणि तिथे जागा सहसा अजूनच कमी. हे तिला तीनदा समजावलं, तिला अजूनही वाटतं मी आळशीपणाला कारणं शोधतेय.

मे महिन्यात जुना निबंध उघडला. कॉमन ॲपचा, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन फॉर्मचा, मोठा निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो आणि माझ्या ६५० मध्ये मी कुठेच नव्हते. वादविवाद स्पर्धा, टीम, जबाबदारी, पहिल्याच परिच्छेदात लीडरशिप तीन वेळा. कुणाचंही नाव टाकलं असतं तरी खपला असता. तेव्हा मात्र मला तो इतका भारी वाटला होता की मी तो आत्याला फोनवर वाचून दाखवला होता, असो.

तेव्हाच ठरवलं की नुसतं SAT (तिकडची प्रवेशासाठीची परीक्षा) परत देऊन तोच फॉर्म भरायचा असेल तर वर्ष घेण्यात अर्थ नाही, कारण नकार मार्कांमुळे आला नव्हता (हे मान्य करायला दोन महिने गेले, मार्कांवर खापर फोडणं फार सोपं असतं).

मग एका प्राण्यांच्या दवाखान्यात कामाला लागले. बायोलॉजी करायचंय म्हणून मिरवायचे, पण घाबरलेल्या कुत्र्याला लस देताना कसं धरायचं ते मला तिथे कळलं, एक हात मानेखालून आणि दुसरा पोटाखालून, आणि डॉक्टरांकडे नाही तर कुत्र्याकडे बघायचं. पहिल्या आठवड्यात एका मांजरीने मनगटावर जी ओळ काढली ती अजून आहे. पिंजरे धुणं, लसींचं रजिस्टर, मालकांना तारखेची आठवण करायला फोन, बहुतेक दिवस हेच.

ऑगस्टमध्ये कॉमन ॲपचं नवीन वर्ष सुरू झालं. नाव-पत्ता वगैरे जुनंच येतं, पण कॉलेजांचे प्रश्न आणि शिक्षकांची शिफारसपत्रं नव्याने. म्हणजे मागच्या वेळी पत्र देणाऱ्या शाळेतल्या त्याच मॅडमना परत मेल. तो मेल निबंधापेक्षा अवघड गेला, चार वेळा लिहून खोडला. ॲक्टिव्हिटीच्या यादीत इयत्तेच्या पर्यायांत बारावीच्या पुढे "पोस्ट ग्रॅज्युएट" असतो, तिथे टिक करताना जरा ओशाळल्यासारखं झालं आणि मग खालच्या १५० अक्षरांत अख्खा दवाखाना बसवायला एक रविवार गेला.

यादीही बदलली. एड मागितली की बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत ते निर्णयात धरतात, हार्वर्ड, येल, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं धरत नाहीत, पण त्यांच्याकडे गर्दी तशीच. मागच्या वेळी नावं बघून बारा भरली होती, या वेळी आठ, आणि प्रत्येकाची एडची पानं बाबांनी आणि मी शेजारी बसून वाचली.

जानेवारीत सगळं सबमिट झालं. निकाल मार्च अखेरीस. मॅडमनी पत्र दिलं, वर मेलमध्ये एवढंच विचारलं, "ती मांजर आता ओळखते का तुला?" नाही ओळखत. मागच्या गुरुवारी परत आली होती, या वेळी दुसरं मनगट.