वाराला एक गोळी

मी बेळगावात बस कंडक्टर आहे. सोरायसिस हा कातडीचा रोग होऊन नऊ वर्षं झाली, तेपण नेमका दोन्ही तळहातांवर आणि पायाच्या तळव्यांवर. कंडक्टरचं सगळं कामच हाताचं असतंय बघा. मशीनची बटणं दाबा, तिकीट फाडा, चिल्लर मोजा, आणि जून २०२३ पासून बायकांना तिकीट माफ झालं तरी झिरो तिकीट काढावंच लागतंय म्हणजे बटणं काय कमी झाली नाहीत, उलट गर्दी वाढली. थंडीत हिंडलग्याकडचं ते कोरडं वारं लागलं की भेगा पडतात, नोटेला रक्त लागतं. लोक बघतात. काहीजण पैसे हातात देत नाहीत, सीटवर ठेवतात. एकदा एका बाईनं सुटे पैसे रुमालात धरून घेतले, त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

हा रोग लागत नाही. हात लावून नाही, एका ताटात जेवून नाही, कशानंच नाही. आपल्याच अंगातली रोगाशी लढणारी यंत्रणा बिघडते आणि साध्या माणसाची कातडी जी महिनाभरानं नवी होते ती आमची तीन-चार दिवसांत वर येते, म्हणून ते पापुद्रे. हे मला कळायलाच दोन वर्षं गेली. तोपर्यंत गजकर्ण समजून मेडिकलमधली क्रीम चोळत होतो, लावली की जायचं आणि सोडली की दुप्पट यायचं. त्यात स्टेरॉइड असतं हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

तर मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. सकाळची बेक्किनकेरीची ट्रिप, गाडी गावात दहा मिनिटं थांबते, ड्रायव्हर आणि मी चहा घेत होतो. आमच्या गाडीला रोज येणारा एक गवंडी आहे, मूळचा चंदगड तालुक्यातला, सासरवाडीत राहायला आलेला. त्याच्याही कोपरांवर, गुडघ्यांवर चट्टे, त्यात सिमेंटचं काम. दोन महिन्यांपूर्वी त्यानंच माझा हात बघून विचारलं होतं, "मामा, तुमालाबी हाय व्हय?" तेव्हापासून आमची ओळख. अंघोळ कोमट पाण्यानं कर, वजरीनं घासू नको, खरवडलंस तर तिथं नवीन चट्टा उठतो, अंग टिपून ओलसर असतानाच व्हॅसलीन नाहीतर खोबरेल लाव, रात्री व्हॅसलीन चोपडून सुती मोजे घाल, हे सगळं मीच त्याला सांगितलेलं. आधी कुणीतरी मला सांगायला पाहिजे होतं ते.

त्या दिवशी त्याला चहा दिला तर नको म्हणाला. "तोंड आलंय मामा, चार दिस झालं, पाणीबी जाईना." मी म्हटलं आ कर बघू. ओठाच्या आत, जिभेखाली सगळे पांढरे फोड. आणि कोपराचा चट्टा लालभडक, मधेच कातडी सोललेली, असं सोरायसिसचं कधी बघितलं नव्हतं. अंगपण तापलेलं.

मला एकदम काहीतरी वाटलं म्हणून विचारलं, नवीन गोळी चालू केली काय? तर डब्याच्या पिशवीतनं पाकीट काढून दाखवलं. मेथोट्रेक्सेट. मीपण तीच घेतो, म्हणून नाव ओळखलं. दहाच्या पाकिटात दोनच गोळ्या उरलेल्या.

"कुठल्या वारी घेतोस?"

"रोजच की. मेडिकलवाल्या पोरानंच सांगितलं वाराला एक."

माझ्या हातापायातलं बळच गेलं. ही गोळी आठवड्यातनं एकदाच घ्यायची असते, आणि त्यानं आठ दिवसांत आठ घेतलेल्या. तो पोरगा खोटं बोलला नव्हता. कन्नडमध्ये 'वारक्कोंदु' म्हणजे आठवड्याला एक, 'वार' म्हणजे तिकडं आठवडा. आपला वार म्हणजे सोमवार, मंगळवार. बेळगावात वाढलेल्याला हे कळतं, याला कन्नड येत नाही, यानं प्रत्येक वाराला एक घेतली. पण पोरानं पाकिटावर वार लिहून द्यायला पाहिजे होता, आणि महिन्याला चार लागणारी गोळी, अख्खं पाकीट कशाला द्यायचं? याचा राग मला अजून आहे.

सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला उतरल्यावर कंट्रोलरला सांगून अर्धा तास मागून घेतला आणि त्याला रिक्षानं सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. पाकीट डॉक्टरांच्या हातात देऊन एवढंच सांगितलं, आठ दिवस रोज घेतलीय. त्यांनी लगेच अ‍ॅडमिट केलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेलेल्या, उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं सुरू केली. हे फॉलिक अ‍ॅसिड नव्हे बरं का, ती आमची रोजची सोबतीची गोळी, मेथोट्रेक्सेटचा वार सोडून घ्यायची, निदान मला तरी तसं सांगितलंय. कंबर दुखते म्हणून तो वरनं दुखण्याची गोळीपण खात होता, त्यानंही मेथोट्रेक्सेटचं विष वाढतं असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको बाहेर बाकावर बसून मला सारखं विचारत होती, "भाऊजी, तोंडाचंच हाय न्हवं? बरं हुईल न्हवं?" मला उत्तर देता आलं नाही.

अकराव्या दिवशी घरी आला. ती गोळी त्याला बंद केली, आता मलम आणि लाईटचा शेक चालू आहे.

त्यानंतर आम्ही पाचजण झालो, आमचाच एक ड्रायव्हर, वडगावचा एक विणकर, उचगावची एक शिक्षिका. कोण घेतो, कुठल्या वारी घेतो, रक्त तपासलं का, एवढंच एकमेकांना विचारतो. पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहितो. शिक्षिका बाई उन्हाळ्यातपण फुल बाह्यांशिवाय बाहेर पडत नव्हत्या, आमच्यात बसताना बाह्या वर करतात.

माझा वार रविवार. सकाळी आठच्या आत गवंड्याचा फोन येतो, त्याची स्वतःची गोळी बंद आहे तरी. "मामा, घेतली का? आन एकच न्हवं?"

"एकच रे बाबा," म्हणतो, आणि पाकीट परत डब्यात ठेवतो.