गिरडची टेकडी, सेवाग्रामचं अंगण

उमरेडवरून गिरडला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा. पायथ्याशी एकाच दुकानात नारळ, चादर, अगरबत्ती, रेवड्या आणि पोरांसाठी प्लास्टिकचे ट्रॅक्टर. "चपला इथंच ठेवा जी, कोनी नेत नाही," म्हणत दुकानदारानं फुलांची परडी हातात कोंबली. चपला फुकट, फुलांचे पैसे.

वर झाडांखाली तीन दगडांच्या चुली पेटलेल्या. कुणाचं जावळ, कुणाचा नवस फेडायचा. एका चुलीवर मटणाचा तर्रीदार रस्सा, पलीकडे गोवऱ्यांत रोडगे. नळापाशी नंबरावरून कुरबुर चाललेली. कुंकू लावलेली एक आजी बुरख्यातल्या बाईची बाजू घेऊन तिसरीशीच भांडत होती.

बाबांची टर उडवणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला, अशी इथली कथा. सुपारीएवढे ते गोल खडे टेकडीवर आजही सापडतात. बेसाल्टच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत तयार होणारी ही झिओलाइट खनिजं, असं मी दुकानदाराला सांगून पाहिलं. "तेही असंन," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

संध्याकाळी सेवाग्राम. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. प्रार्थनेची जागा म्हणजे आभाळाखालचं बारीक खडीचं अंगण. मूर्ती नाही, भिंत नाही. उपनिषदातला श्लोक, बौद्ध मंत्र, कुराणातली आयत, पारशी प्रार्थना एकामागून एक होतात. ऐकायला सुंदरच. पण खरं सांगतो, सगळे असे ताठ बसलेले की मला परीक्षेचा हॉल आठवला. गिरडला सर्वधर्मसमभाव वगैरे शब्द कुणाच्या तोंडी आला नव्हता, आणि मी तिथेच जास्त रमलो.

तरी सेवाग्रामला नावं ठेवताना जीभ आवरते. तिथून आठेक किलोमीटरवरच्या वर्ध्यात लक्ष्मीनारायण मंदिर आहे. १९२८ मध्ये ते दलितांसाठी खुलं झालं, ते गांधीजींचे सहकारी जमनालाल बजाज यांनी मनावर घेतलं म्हणून. तोवर दलितही पिढ्यान्‌पिढ्या ह्याच गावात, ह्याच रस्त्यांवर सगळ्यांबरोबर वावरत होते. चुलीशेजारी चूल मांडून ते दार काही उघडलं नसतं.