नियम परक्यांसाठी, झळ घरच्यांना

ब्रिटनच्या स्थलांतरविषयक नियमांची चर्चा बाहेरून येणाऱ्यांभोवतीच फिरते. परंतु गेल्या काही वर्षांतील बदल बारकाईने पाहिले, तर जन्मापासून तिथेच राहणाऱ्या नागरिकांनाही त्यांची झळ बसते, असे माझे मत झाले आहे.

परदेशी जोडीदाराला बोलावणाऱ्या ब्रिटिश नागरिकाचे वार्षिक उत्पन्न 2012 पासून किमान 18,600 पौंड असावे लागत असे. एप्रिल 2024 मध्ये ही अट एकदम 29,000 पौंडांवर गेली. त्याच महिन्यात लागू झालेले प्रौढांचे किमान वेतन ताशी 11.44 पौंड होते, म्हणजे आठवड्याला 40 तास वर्षभर राबूनही कमाई, तीसुद्धा कर कापला जाण्यापूर्वी, जेमतेम 23,800 पौंडांपर्यंत जात असे. परदेशात असलेल्या जोडीदाराचा तिथला पगार कितीही भरघोस असला, तरी तो हिशेबात धरत नाहीत. ती नोकरी सुटणारच आहे, हा तर्क मला समजतो. तिच्याबरोबर शिक्षण आणि अनुभवही सुटतो, असे मानणे मात्र समजत नाही. निव्वळ बचतीच्या बळावर अर्ज करायचा, तर 88,500 पौंड सहा महिने हाताशी असावे लागतात. मग एकटी आई उत्पन्न वाढवण्यासाठी दुसरी पाळी धरते, आणि बापापासून आधीच दूर असलेल्या मुलाला आईही झोपेच्या वेळेपुरतीच भेटते. उत्पन्नाची अट मुळात कायदेशीर ठरवतानाच, मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत झालेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच म्हटले होते.

वृद्धांच्या सेवेतही हेच दिसते. मार्च 2024 पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करांना मुलाबाळांना सोबत आणण्यास मनाई झाली, आणि जुलै 2025 मध्ये या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली. या व्हिसाच्या नावाखाली कामगारांची लूट होत होती, हे खरेच आहे. पण कोणत्या आजींना चहा कोमट लागतो, कोणत्या आजोबांचा खांदा सदरा चढवताना दुखतो, हे सरावानेच कळते. माणसे सारखी बदलू लागली की ते प्रत्येकाला नव्याने सांगावे लागते, आणि विस्मृती जडलेल्या माणसाला तेही जमत नाही. स्थानिकांना नेमा, हे सांगणे सोपे आहे. या सेवेचा मोठा खर्च स्थानिक परिषदा, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्था, उचलतात. त्यांच्या तिजोरीत भर न घालता पगार वाढणार कसे, याचे उत्तर भरती बंद करणाऱ्यांनीच द्यायला हवे.