परतावा ₹४९९, जमा ₹४.९९

सकाळी सपोर्टच्या ग्रुपवर एका ग्राहकाचा स्क्रीनशॉट आला. परतावा मिळायला हवा होता ₹४९९ आणि खात्यात जमा झाले होते ₹४.९९. मग तशाच तक्रारींची रांग लागली. रुपये-पैशांचा घोळ आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण आमची ही सर्व्हिस हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत आहे, आणि तिचा कंपायलर कोड चालण्याआधीच टाइपच्या, म्हणजे कोणती किंमत कोणत्या प्रकारची याच्या, चुका पकडतो. इतक्या काटेकोर कंपायलरच्या हातून हे सुटलंच कसं?

कोड उघडला. फंक्शनची सिग्नेचर अगदी देखणी: ऑर्डर आयडी, मग पैसे. वर फाइलच्या सुरुवातीला ‘टाइप रुपये = इंट’ आणि ‘टाइप पैसे = इंट’, म्हणजे इंट या पूर्णांकाच्या टाइपला दिलेली दोन टोपणनावं (एलिअस). वाचणाऱ्याला वाटतं, वा, किती स्पष्ट लिहिलंय! कंपायलरला मात्र दोन्हीकडे नुसता इंट दिसतो, कारण एलिअसने नवा टाइप तयार होत नाही. आमची खातेवही पूर्ण रुपयांत, पेमेंट गेटवे (पैसे प्रत्यक्ष वळते करणारी सेवा) घेणार पैशांत, आणि अंशतः परताव्याची नवी वाट शंभराने गुणायचं विसरून थेट गेटवेला जाऊन मिळालेली. टेस्ट हिरव्याच होत्या, कारण टेस्टमधला खोटा गेटवे मिळालेला आकडा तसाच परत करायचा.

पॅच लगेच लाइव्ह गेला, उरलेली रक्कम अकाउंट्सने हाताने वळती केली. दुपारी मी दोन्ही एलिअस काढून न्यूटाइप केले, म्हणजे आत इंटच पण कंपायलरला वेगळे दिसणारे खरे नवे टाइप, आणि बिल्ड एररनी लालेलाल झाला. बहुतेक जागा निरुपद्रवी निघाल्या. पण एका रिपोर्टमध्ये रुपये आणि पैसे यांची सरळ बेरीज चालली होती, आणि तो आकडा दर महिन्याच्या बैठकीत दाखवला जायचा!

शेजारचा सहकारी म्हणाला, “अरे, डिरायव्हिंगमध्ये नम टाक, निम्म्या एरर जातील.”

गेल्या असत्याच, पण मग सगळंच मुसळ केरात. डिरायव्हिंग म्हणजे टाइपच्या क्षमता कंपायलरकडून आयत्या घेणं, आणि नम ही आकड्यांसारखं वागायची क्षमता. नम दिला की कोडमध्ये नुसतं ४९९ लिहिलं तरी ते आपोआप ‘पैसे’ होतं, आणि पैशांना पैशांनी गुणणंही चालून जातं. म्हणून फक्त तुलना आणि बेरीज ठेवली. इंटवर ‘पैसे’चं वेष्टन चढवणारा कन्स्ट्रक्टर मॉड्यूलबाहेर जाऊच दिला नाही. रुपयांवरून पैसे करायचे तर त्यासाठीचंच फंक्शन वापरायचं. “रॅपरने स्पीड कमी होईल,” ही शंका आलीच. न्यूटाइपचं वेष्टन कंपाइल होतानाच गळून पडतं, चालताना उरतो तोच इंट. अख्खी यादी इंटमध्ये बदलायची तरी हास्केलचं कोअर्स हे फंक्शन आहे, फुकटात.

एलिअसशी माझं वैर नाही. लांबलचक मॅपचा टाइप दहा ठिकाणी लिहिण्यापेक्षा एलिअस बरा. (हास्केलचा फाइलपाथही स्ट्रिंगचा (साध्या मजकुराच्या टाइपचा) एलिअसच आहे, त्या जागी ग्राहकाचं नाव दिलं तरी कंपायलर हूं की चूं करत नाही.)

संध्याकाळी कमिशनचं फंक्शन अडलं. ₹१४९ वर १.७५ टक्के म्हणजे २६०.७५ पैसे. जुना कोड पूर्णांकी भागाकार करून गुपचूप २६० धरत होता. आता गुणाकार-भागाकारच बंद, त्यामुळे राउंडिंग कसं करायचं ते लिहून देणं भाग होतं. अकाउंट्सच्या मॅडमना फोन लावला. “२६१ धरा,” त्या म्हणाल्या, “पण आम्ही तर आजवर तसंच धरतोय. तुमचं वेगळं होतं का?” मग त्यांनी दर महिन्याला न जुळणाऱ्या किरकोळ फरकाची त्यांची शीट पाठवली.