कडीपाटावरची काजळी

‘कशावर पीएचडी करतेस?’ असं कुणी विचारलं आणि मी ‘पुण्यातले वाडे आणि शहराची ओळख’ असं सांगितलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘वा, म्हणजे शनिवारवाडा!’ मी नुसती मान डोलावते. माझ्या प्रबंधात शनिवारवाड्याच्या वाट्याला जेमतेम तीन पानं आली आहेत. १७३० साली पाया घातला, १८२८च्या आगीत आतलं लाकूडकाम खाक झालं, आता उरलीत ती तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि जोती. लग्नाआधीच्या फोटोशूटला तेवढं पुरतं. माझा जीव अडकलाय तो कसबा, शनिवार, नारायण आणि सदाशिव पेठेतल्या अशा वाड्यांत, ज्यांना पाटी नाही आणि गाइडही तिथे कुणाला नेत नाही.

अशा वाड्यात मोजमापाला गेलं की पहिल्या तासाभरात सोबतच्या विद्यार्थ्यांचा काटकोनावरचा विश्वास उडतो. लेझर मीटर एक आकडा दाखवतो, टेप दुसरा, कारण खांबच कललेला असतो. मग आम्ही मुकाट्याने खण मोजतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. पूर्वी सुतारही ओसरी इतक्या खणांची, माजघर तितक्या खणांचं, असाच हिशेब करायचे. खाली दगडी जोतं, तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, उभा सागवानी खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक वासे, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि त्यावर मातीचा थर. वरच्या मजल्यांचा भार बहुतेक करून हा लाकडी सांगाडाच पेलतो, मधल्या भिंती नुसत्या भरणीच्या. म्हणूनच तर भावाभावांत वाटण्या झाल्या की दोन खांबांमध्ये फळ्या ठोकल्या आणि झालं नवं घर! पुढे फळ्यांच्या जागी पत्रा आला, मग प्लायवूड.

नारायण पेठेतल्या एका वाड्यात माजघराच्या ऐन मध्यावर, वर छताच्या कडीपाटावर, परातीएवढा काळा डाग दिसला. स्वयंपाकघर तर पार मागे, परसाकडे. मी मान वर करून फोटो काढत होते तेवढ्यात आजी म्हणाल्या, ‘अगं, धाकट्या दिरांनी वेगळी चूल मांडली ना, ती तिथे. आणि फोटो काढ हवे तेवढे, पण त्या तुळईखाली उभी राहू नकोस.’ तेव्हापासून आमच्या नकाशांवर काजळीचा वेगळा थर असतो. चुलीची काजळी, नंतर स्टोव्हचा फिकट डाग, मोरीची ओल, दिंडी दरवाजाच्या आत ओळीने लावलेले विजेचे मीटर. एका कुटुंबाचा वाडा सात बिऱ्हाडांचा कसा झाला, हे प्रॉपर्टी कार्डापेक्षा इथे जास्त नीट वाचता येतं. एका चर्चासत्रात मला विचारलं गेलं, ‘यात वास्तुकला कुठे आहे?’ बरोबरच आहे. लाकडात कोरलेली केळफुलं आणि महिरपी दाखवल्या असत्या तर प्रश्नच आला नसता.

नदीकडच्या पेठांमध्ये आणखी एक थर येतो, पाण्याचा. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मातीत बांधलेल्या भिंती बसल्या. जे वाडे उभे राहिले त्यांच्या खालच्या भागाचा गिलावा वेगळा दिसतो, वीटही पुष्कळदा वेगळी. कितीतरी बिऱ्हाडं गोखलेनगरासारख्या वसाहतींत गेली, आणि पेठेतला पुणेकर पेठेबाहेर राहून ‘आमच्या वाड्यात’ म्हणायला लागला. मला तर वाटतं, वाड्याबद्दलचा निम्मा जिव्हाळा तिथे तयार झालाय. वाड्यात राहणाऱ्याला हा जिव्हाळा परवडत नाही, त्याला संडासाला जिना उतरून जावं लागतं.

घरभाड्याचं तर बोलूच नये, पण बोलावं लागतं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या दरांना बांधली गेली. मालकाला मिळतं त्यात चहासुद्धा येत नाही, म्हणून तो डागडुजी करत नाही. भाडेकरू हक्क जाईल म्हणून जागा सोडत नाही. मधल्या मध्ये भिंतीतून पिंपळ वर येतो. माझ्या क्षेत्रातले लोक यात एकाला खलनायक करून मोकळे होतात. मी दोघांच्याही घरी पोहे खाल्लेत, मला ते जमत नाही.

आणि शहराची ओळख म्हणजे नुसती लाकूडकामाची नक्षी, हे मला अजिबात मान्य नाही. विश्रामबागवाडा १८०७चा. त्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब प्रत्येक पुस्तकात असतात, पण १८२१मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, १८७९मध्ये त्याचा काही भाग जळला, नंतर तिथे नगरपालिका बसली, पोस्ट बसलं. इतक्या लोकांचं तिथे काही ना काही काम पडलं, म्हणून तो पुण्याचा. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याला कोरीव कामाच्या निकषावर फारसे गुण मिळाले नसते. १८४८ची मुलींची शाळा तिथली. डिसेंबर २०२३मध्ये तो पाडला. स्मारक होणार म्हणून, पण मोजायला आता खोली उरली नाही.

हौदांचंही तेच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ आणला, पाणी नुसत्या उताराने शहरात यायचं, वाटेत नळातली हवा बाहेर सोडणारे उच्छ्वास, पेठेपेठेत हौद. अभियांत्रिकी म्हणून अप्रतिम, यात वादच नाही. पण कुठल्या हौदाला कोण शिवू शकतो, हेही त्याच व्यवस्थेत बसलेलं होतं. १८६८मध्ये जोतीरावांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी एका दगडी कुंडाचा नव्हे, अख्ख्या पेठेचा नकाशा बदलला. मी विद्यार्थ्यांना हौदांच्या नकाशाबरोबर हे शिकवते. काहींना ते विषयांतर वाटतं. वाटू दे.

आता कामाचं. पाडलेल्या वाड्यांचे आतले फोटो जवळजवळ मिळत नाहीत, बाहेरचे ढिगाने मिळतात. पण पूर्वी लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं वाड्याच्या चौकातच व्हायची, आणि फोटोग्राफर हमखास यायचा. तुमच्याकडे असे अल्बम असतील तर स्कॅन करून पाठवा. मागे पेठ आणि अंदाजे साल लिहिलेलं असेल तर फारच बरं. नवरा-नवरीचे चेहरे झाकून पाठवलेत तरी चालेल, मला त्यांच्या मागची भिंत हवी आहे.