न घेतलेल्या कर्जाचा हप्ता

वर्षभर मी वसुलीवाल्यांचे फोन कापत होते आणि स्वतःचीच पाठ थोपटत होते. "मॅडम, तुमचा हप्ता थकलाय, आज भरला नाही तर..." एवढं ऐकलं की फोन बंद आणि नंबर ब्लॉक. मग ऑफिसात डब्याच्या वेळी तो किस्सा रंगवून सांगायचा. मी एका औषधांच्या होलसेलरकडे हिशेब बघते, दिवसभर जीएसटी नाहीतर टीडीएस. ओटीपी सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. कर्ज मी घेतलेलं नाही, म्हणजे फोन करणारा भामटा, इतका सरळ मामला.

पण फोन करणारे खरेखुरे वसुलीवाले होते. भामटा वेगळाच होता आणि त्याने मला एकदाही फोन केला नव्हता.

हे कळलं फेब्रुवारी २०२५ मध्ये. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे एक फ्लॅट बघितला होता, बिल्डरला ५१ हजार टोकन दिलं होतं आणि २२ लाखांच्या गृहकर्जाचा अर्ज केला होता. चौथ्या दिवशी बँकेतल्या मुलाने बोलावून घेतलं. आवाज खाली आणत म्हणाला, "मॅडम, सिबिलला एक राइट-ऑफ दिसतोय. ॲपवरून कधी छोटं लोन घेतलं होतं का? बघा, आठवून बघा." राइट-ऑफ म्हणजे वसूल होत नाही म्हणून बुडीत धरलेलं कर्ज. त्याच्या बोलण्यात असा काही समजूतदारपणा होता, जणू मी नवऱ्याला चोरून काहीतरी केलंय आणि तो ते पोटात घालायला तयार आहे. मला इतका राग आला की मी धड उत्तरही दिलं नाही.

रात्री रिपोर्ट काढला. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून, म्हणजे सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१७ पासून आहे. मला तो माहीतही होता, पण आठ वर्षांत एकदाही वापरला नव्हता. दुसऱ्यांची रिटर्न्स भरणारी बाई मी, आणि स्वतःचा कागद कधी उघडून बघितला नाही.

पर्सनल लोन, ऑगस्ट २०२३, मंजूर रक्कम १८,५००. खाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस थकला ते त्यात लिहिलेलं असतं. पहिल्या चौकोनात ०००, मग ०२९, ०६०, ०९०, असं चढत चढत शेवटी राइट-ऑफ. व्याज आणि दंड धरून थकबाकी ३१,२४०. देणाऱ्या कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

पण मी खरी हादरले ती त्याच्याही वरचं पान बघून. तिथे तुमच्या नावावर नोंदलेले सगळे पत्ते आणि फोन येतात. एक आमचा पत्ता, एक सिन्नरचा माहेरचा, आणि तिसरा, ज्याचा पिनकोड १ ने सुरू होणारा. आमचा ४२२ चा. त्या बाजूला मी आयुष्यात गेलेले नाही. फोन नंबरही एक अनोळखी. पॅन आणि जन्मतारीख मात्र माझीच, अगदी बरोबर. कुणीतरी माझं नाव घालून तिकडे कर्ज काढत होतं आणि मी इकडे ओटीपी जपत बसले होते.

नवरा शांतपणे म्हणाला, "भरून टाक. एकतीस हजारांसाठी घर अडकवायचं का?" दुसऱ्या दिवशी बँकेतला मुलगाही तेच म्हणाला, "सेटल करा आणि मोकळ्या व्हा." दोघांचंही व्यवहाराला धरून होतं, आणि एक रात्र मीही तयार झाले होते. पण हिशेबाच्या धंद्यात राहून एक समजतं: जे देणं नाकबूल आहे त्याचा रुपयाही भरायचा नाही, भरला की तो कबुलीजबाब होतो. शिवाय कमी रकमेत मिटवलं की रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो. पुढच्या प्रत्येक बँकेला तो दिसतो आणि त्याचा अर्थ एकच लावतात, की या बाईने कर्ज पूर्ण फेडलं नाही. न घेतलेलं कर्ज फेडायचं, वर न फेडल्याचा डागही घ्यायचा, हे काही मनाला पटेना.

२४ फेब्रुवारीला चारही ब्युरोंच्या साइटवर हरकत नोंदवली. रिपोर्टवर एक कंट्रोल नंबर असतो, तो टाकायचा, कुठलं खातं आणि कुठला पत्ता आपला नाही ते निवडायचं, की झालं. अर्ध्या तासाचं काम. ब्युरो स्वतःहून काही पुसत नाही. ज्या कंपनीने नोंद पाठवली तिला विचारतो, ती हो म्हणाली तरच दुरुस्ती होते. म्हणजे खरी गाठ कर्ज देणाऱ्या कंपनीशीच. ब्युरो आणि कंपनी मिळून त्यांना ३० दिवस असतात, त्यातले २१ कंपनीचे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ३० दिवस संपायची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली.

कंपनीच्या कस्टमर केअरचं उत्तर पंधरवड्याने आलं. दोन ओळी, 'आमच्या नोंदीनुसार सदर कर्ज वैध आहे.' खाली पैसे भरायची लिंक.

इथे मी चुकले होते ते सांगते. पहिल्या मेलमध्ये मी कळवळून लिहिलं होतं, मी सुशिक्षित आहे, नोकरी करते, असलं कर्ज कशाला घेईन वगैरे. असल्या मेलला असंच उत्तर येणार. दुसरा मेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. त्याचं नाव आणि मेल कंपनीला साइटवर द्यावंच लागतं. त्यात कैफियत एकही नाही, नुसते प्रश्न. कर्जाची रक्कम कुठल्या बँक खात्यात जमा केली आणि ते खातं कुणाच्या नावावर आहे? केवायसीला कुठले कागद घेतले, त्यांच्या प्रती द्या. सेल्फी घेतली असेल तर ती द्या. करारावर सही कशी केली? खात्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ॲपवरून दिलेल्या कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच बजावलेलं आहे. मग माझ्या कुठल्या खात्यात आले ते साडेअठरा हजार, दाखवा. माझी दोन्ही पासबुकं तयार होती.

मेलला जोडायला पोलिसांची पोच हवी होती. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली होती, तिचा नंबर घेऊन आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले.

"किती गेले?" हवालदारसाहेबांनी विचारलं.

"गेले नाहीत."

"मग फसवणूक कसली?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. त्यांच्यासमोर रोज खातं रिकामं झालेली माणसं येऊन रडतात. १९३० हा नंबरही त्यासाठीच आहे: पैसे गेल्या गेल्या फोन करायचा, म्हणजे ते पुढे सरकायच्या आत अडवता येतात. माझं प्रकरण दीड वर्ष शिळं आणि त्यात माझा रुपया गेलेला नाही. मग मी म्हटलं, "साहेब, उद्या तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलं आणि तुम्हाला घराचं लोन मिळेना, तर?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क, दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, हे त्यांनीच काढून दाखवलं. अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. त्या शिक्क्याने पुढे जे काम केलं ते माझ्या चार पानी मेलने केलं नव्हतं.

मधल्या काळात मला दिराचा हेवा वाटायचा. मागे त्याच्या क्रेडिट कार्डावर कुठल्याशा परदेशी साइटवर खरेदी झाली. तिथे ओटीपी मागतच नाहीत. कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे पुरतात. रात्री मेसेज आला, त्याने तिथल्या तिथे ॲपवरून कार्ड ब्लॉक केलं, तक्रार नोंदवली आणि नंबर लिहून घेतला. २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक आपली नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर काहीच येत नाही, आणि दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती परत जमा करावी लागते. तशी ती झाली, आठवड्याने नवं कार्डही आलं. आता परदेशी व्यवहाराचं बटण तो एरवी बंदच ठेवतो. पॅनला असलं बटण नाही. एक पॅन नासला म्हणून दुसरा काढावा, तर दोन पॅन बाळगल्याचा दंड १० हजार.

१९ मार्चला कंपनीकडून कागद आले. पॅनकार्डाची प्रत उघडली. नंबर माझा, नाव माझं, वडिलांचं नाव माझ्या वडिलांचं, आणि फोटो एका पंचविशीतल्या मुलाचा. गळ्यात हेडफोन. सेल्फीही त्याचीच, मागे हिरवी भिंत आणि दोरीवर टॉवेल. नावावरून बाई आहे हे कळायला फार अक्कल लागत नाही, पण बघायला माणूस लागतो, आणि हे कुणी माणसाने बघितलंच नसावं. करारावर सही इंग्रजीत, शाळकरी अक्षरात पूर्ण नाव. माझी सही मराठीत आहे. पॅनवर, बँकेत, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर, सगळीकडे तीच, आडनावाची वेलांटी लांब ओढून शिरोरेघेला मिळवलेली. लग्नानंतर बँकेतल्या बाईंनी "इंग्रजीत करा, सोपी पडते" म्हटलं होतं, तेव्हा मी हट्टाने बदलली नव्हती. तो हट्ट असा कामी येईल असं वाटलं नव्हतं. खऱ्या पॅनची प्रत आणि त्यांची प्रत एकाच पानावर शेजारी शेजारी लावली आणि पाठवली. सोबत एकच ओळ, 'कृपया दोन्ही फोटो पाहावेत.'

२६ मार्चला ३० दिवस संपले. २७ ला मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकली. फी नाही, वकील नाही. कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडायचा एवढंच. त्यानंतर चारच दिवसांनी कंपनीतल्या एका बाईंचा फोन आला. त्या खरंच नीट बोलल्या. फसवणाऱ्याने दिलेला नंबर लवकरच बंद पडला, मग वसुलीवाल्यांनी ब्युरोच्या रिपोर्टवरून माझा नंबर उचलला, हे त्यांच्याकडूनच कळलं. "तुम्ही तेव्हाच फोन उचलून बोलला असता तर," असं म्हणून त्या थांबल्या. मीही गप्प.

७ एप्रिलला पत्र आलं: कर्ज फसवणुकीतून घेतलेलं, माझा संबंध नाही, येणं शून्य. उशिराचे १२ दिवस, १,२०० रुपये खात्यात जमा. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना दर पंधरा दिवसांनी ब्युरोंना माहिती पाठवावी लागत होती, त्यामुळे एप्रिलअखेर तीन रिपोर्ट स्वच्छ झाले. चौथ्यावरून तो १ वाला पत्ता निघायला मे उजाडला.

नंतर मी झपाटल्यासारखी सगळं तपासत सुटले. इन्कम टॅक्सच्या साइटवर एआयएस, म्हणजे पॅनवरच्या व्यवहारांची वार्षिक यादी, उघडून अनोळखी व्यवहार शोधले. जीएसटीच्या साइटवर पॅन टाकून बघितलं, कारण दुसऱ्याच्या पॅनवर बोगस फर्म काढतात हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावाची सिमकार्डं बघितली तर एक नंबर अनोळखी निघाला. पाच मिनिटं घाम फुटला. मग लक्षात आलं, तो सासूबाईंचा, मीच काढून दिलेला.

माझा पॅन नेमका फुटला कुठून, ते कधीच कळणार नाही. भाडेकराराचा एजंट, हप्त्यावर मोबाइल दिलेलं दुकान, सोनार, शिर्डीचा लॉज, सगळीकडे झेरॉक्स दिलेली. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळूरू कार्यालयाने झेरॉक्स कुणाला देऊ नका म्हणून पत्रक काढलं आणि गैरसमज होतो म्हणून दोन दिवसांत ते मागेही घेतलं गेलं. तेव्हा आम्ही ऑफिसात हसलो होतो. परवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. पुढे एक आजोबा होते. पोराने त्यांचं आधार डाउनलोड केलं, पासवर्ड मागितला गेला. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं त्याने न विचारता टाइप केली आणि मोठ्याने विचारलं, "बाबा, जन्मसाल?" आजोबांनी रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. स्क्रीनवर डाउनलोडचं फोल्डर उघडंच होतं, अख्ख्या गल्लीची आधारं एकाखाली एक. "यांची फाइल डिलीट कर की," मी म्हटलं. "करतो ना ताई, रविवारी एकदम करतो."

मे महिन्यात कर्ज मंजूर झालं. बँकेतल्या त्या मुलाने अभिनंदन केलं आणि पॅनच्या पाच स्वाक्षरीत प्रती मागितल्या. मी तयारीने गेले होते. प्रत्येक प्रतीवर तिरप्या रेघा मारून मधे लिहिलं होतं, 'फक्त गृहकर्जासाठी', बँकेचं नाव, तारीख, आणि खाली ती वेलांटी ओढलेली सही.

त्याने एक एक कागद उलटून बघितला. "मॅडम, रेघा मारलेली कॉपी आमच्या सिस्टिमला चालत नाही. कोऱ्या देता का? समोरच झेरॉक्स आहे."

"पॅनचा आकडा आणि फोटो झाकला जातोय का कुठे?"

त्याने पुन्हा बघितलं. नाही, म्हणाला.

"मग चालवून बघा," म्हणून मी समोरच्या खुर्चीत बसून राहिले. पंचवीस मिनिटं लागली, दोनदा मॅनेजरसाहेबांकडे जाऊन आला, पण चालली.